खानावळीची चोपडी, कालनिर्णयची पानं आणि स्वयंपाकघराची चिकटवही

काळाचौकीच्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या सासूबाईंनी चाळीतल्या दोन खोल्यांत कित्येक वर्षं गिरणी कामगारांची खानावळ चालवली. आता चाळ पुनर्विकासाला निघाली आहे आणि दिवाळीपर्यंत घर रिकामं करायचं आहे. माळ्यावरच्या ट्रंकेत खानावळीच्या हिशोबाची लांबडी चोपडी सापडली. तिच्यात हिशोबाच्या मधेमधे मसाल्याची, लोणच्याची प्रमाणं लिहिलेली आहेत. सोबत कालनिर्णयची जपून ठेवलेली पानं, रेशनकार्ड, आरेच्या दुधाचं कार्ड, जिवतीचे कागद आणि थोडे फोटो आहेत. ताईंनी चिकट पानांचा मोठा अल्बम आणला आहे. पाककृतींची पानं कापायची, लॅमिनेट करायची, त्यात लावायची आणि सासूबाईंना पंचाऐंशीव्या वाढदिवसाला द्यायची, असा त्यांचा बेत आहे. हे पावसाळ्यात टिकेल का आणि मांडणी कशी करावी, असं त्यांनी विचारलं आहे.

ताई, बेत फार चांगला आहे. पण कात्री आणि लॅमिनेशन दोन्ही आधी बाजूला ठेवा. तुम्हाला एक नाही, दोन गोष्टी करायच्या आहेत. जुने कागद जसेच्या तसे जपायचे, ही एक. आणि चिकटवही करायची ती त्यांच्या प्रतींमधून, आणि त्याहून जास्त, जे कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही त्यातून. या दोन कामांची गल्लत झाली की जुनं फाटतं आणि नवं अर्धवट राहतं.

आधी चोपडीबद्दल. ती अख्खीच राहू द्या. खानावळीच्या अशा चोपड्या माझ्या हाताखालून गेल्या आहेत. एका पानावर जेवणाऱ्यांची नावं, पुढे महिन्याचे पैसे, त्यातून वजा केलेले खाडे, शेवटी जमा आणि बाकी. मधेच उभ्या रेघेच्या पलीकडे बेडगी इतकी, संकेश्वरी इतकी, धने इतके. कापून घेतलेल्या चिठ्ठीवर हे प्रमाण वाचलं तर ते घरच्या वर्षभराच्या मसाल्याचं वाटेल. शेजारच्या पानावर जेवणारी माणसं मोजली की कळतं, हा तीस-चाळीस जेवणाऱ्यांचा मसाला आहे आणि तो दोन-तीन महिन्यांतच संपत असणार. प्रमाणाचा अर्थ हिशोबातच आहे.

दुसरं म्हणजे तारखा पाहा. १८ जानेवारी १९८२ ला गिरण्यांचा संप सुरू झाला. त्यानंतरच्या पानांवर बाकीचा रकाना कसा भरत गेला, कुणाच्या नावापुढे ‘गावी गेला’ लिहिलं आहे, बाजाराच्या यादीतून काय गळलं, हे सगळं एका बाईच्या हातचं तुमच्याकडे आहे. प्रेमाताई पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभं केलं ते याच खानावळवाल्या बायकांसाठी, सावकाराच्या व्याजातून त्यांना सोडवून बँकेचं कर्ज मिळवून देण्यासाठी. चोपडीत कुठे हप्त्याची नोंद दिसली तर सासूबाईंना त्याबद्दल जरूर विचारा. पाककृतीची चार पानं कापलीत तर त्यांच्या पाठीमागचे चार महिने कापले जातील.

लॅमिनेशन नको, कारण ते परत काढता येत नाही. उष्णता आणि गोंद दोन्ही कागदात कायमचे जातात, आणि कडेने हवा शिरली की आतला ओलावा बाहेर पडायला वाट नसते. चिकट पानांचा अल्बम तर दुकानात परत करता आला तर आजच करा. त्या पानांवरचा गोंद काही वर्षांत पिवळा पडतो आणि फोटो असा धरून ठेवतो की काढताना फाटतो. तुमच्या ट्रंकेत असा जुना अल्बम असेल तर फोटो ओढू नका. मेण नसलेला डेंटल फ्लॉस फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवत न्या. बहुतेक फोटो सुटतात. नाही सुटला तर पानासकट तसाच ठेवा आणि वरून त्याचा फोटो काढून घ्या.

प्लॅस्टिकची पाकिटं घेताना मागचा त्रिकोणातला आकडा पाहायची सवय लावा. ५ म्हणजे पॉलिप्रोपिलीन (पीपी), १ म्हणजे पॉलिएस्टर, ही चालतात. ३ म्हणजे पीव्हीसी. त्यातून निघणारे पदार्थ फोटोची आणि शाईची वाट लावतात. आकडा नसेल तर वास घ्या. नव्या शॉवर कर्टनसारखा उग्र वास आला तर ते पाकीट नको. क्रॉफर्ड मार्केटजवळ अब्दुल रेहमान स्ट्रीटवर कागदाची, स्टेशनरीची घाऊक दुकानं आहेत. तिथे मागितलं तर पीपीची पाकिटं मिळतात, फक्त ‘ट्रान्सपरंट फोल्डर’ एवढंच म्हणू नका, पीपीच हवं असं सांगा.

वहीचा कागद आम्लरहित घ्या. वर्तमानपत्राच्या कागदात लिग्निन असतं, त्यामुळे तो पिवळा पडून ठिसूळ होतो आणि शेजारच्या कागदालाही डाग देतो. सुती चिंध्यांपासून केलेल्या हातकागदात ही भानगड नसते. पुण्याच्या हातकागद संस्थेचा कागद वापरायला मला आवडतो. जाडी १७० ते २२० जीएसएम पुरे. सुटी पानं घ्या, म्हणजे मधे पान घालता येतं, आणि ती लोखंडी रिंगांच्या फाइलमध्ये लावू नका. आपल्या खाऱ्या दमट हवेत रिंगा गंजतात आणि गंज भोकातून पानावर उतरतो. जाड सुती दोऱ्याने बांधा. जुन्या कागदांच्या टाचण्या, यू-पिना, स्टेपल याच कारणासाठी आधी काढायच्या. स्टेपल नखाने उचकटू नका. मागची दोन टोकं बोथट सुरीने उभी करा, मग ते पुढून अलगद निघतं.

चिकटवायचं म्हटलं की गव्हाच्या खळीचं नाव निघतं. शुद्ध स्टार्चची खळ कागद दुरुस्त करणारे लोक वापरतात खरी, पण घरी कणकेची किंवा मैद्याची खळ केली तर ते कसरीला आणि झुरळांना आमंत्रण आहे. तुम्ही खळ, फेविकॉल, सेलोटेप यांतलं काहीच मूळ कागदाला लावू नका. वहीतही शक्य तिथे कागदाचे त्रिकोणी कोपरे करून त्यात फोटो अडकवा. जुन्या पानावर आधीच सेलोटेप असेल तर ती ओढायची नाही, कागदाचा वरचा थर तिच्याबरोबर येतो.

तेलाचे आणि हळदीचे डाग पुसायचा मोह टाळा. तेलकट पान वेगळ्या पाकिटात ठेवा, नाहीतर तेल शेजारच्या पानावर उतरतं. हळदीचा डाग उजेडात फिकट होतो. तो तुम्हाला हवा असेल (आणि मला तरी तो नेहमी हवा असतो, कारण लिहिणाऱ्या बाईचा हात त्यात दिसतो) तर पान उन्हात ठेवू नका. कागद वाळवायचे तर सावलीत, पंखा लांब ठेवून. उन्हात शाईही उडते.

आता प्रती. पाऊस पडायच्या आत हे काम उरकून घ्या. चोपडीची सगळी पानं, कोरी पानंसुद्धा, क्रमाने टिपा. स्कॅनर असेल तर ३०० डीपीआय, बारीक अक्षराला ६००. पण बांधणी कडक असेल तर चोपडी स्कॅनरवर उताणी दाबू नका, पाठ मोडते. त्यापेक्षा खिडकीजवळ सकाळच्या उजेडात मोबाइल बरोबर वर धरून, फ्लॅश न वापरता फोटो काढा. फाइलला नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग पान, म्हणजे ती आपोआप ओळीत लागतात. वहीत लावायच्या प्रती दुकानातून लेझर प्रिंटवर काढून घ्या. घरच्या इंकजेटची साधी शाई ओल्या बोटानेही पसरते. आजचे किराणा दुकानाचे थर्मल बिल लावणार असाल तर त्याचीही प्रत काढा. मूळ बिल काही वर्षांत पांढरं होतं. जुन्या पानांतलं एखादं मोडी लिपीत असेल तर जाणकाराकडून लिप्यंतर करून घ्या आणि ते प्रतीशेजारी लावा.

मांडणीचा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. भाज्या, आमट्या, गोडाचं, असे विभाग करू नका. तसं पुस्तक बाजारात मिळतं. तुमच्या घरचं स्वयंपाकघर वर्षाबरोबर फिरत होतं, तर वहीही तशीच फिरू द्या. चैत्रात कैरीची डाळ आणि पन्हं. मग आगोट, म्हणजे पावसाळ्याआधीची बेगमी: मसाला, पापड, कुरडया, सांडगे, लोणचं, आणि सुकट, बोंबील, सोडे. मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते, म्हणून सुकी मासळी त्याआधी घरात यायला हवी. ही आगोट खानावळीत किती मोठी असायची, ती कुठे ठेवायचे, माळ्यावर की पलंगाखाली, डबे कुठले, तोंडाला काय बांधायचे, हे लिहाच. लालबागच्या मसाला गल्लीत डंकावर कांडायला कोण जायचं? रांग किती वाजता लागायची? मसाला घरी आणल्यावर किती दिवस पसरून ठेवायचे? पाककृतीच्या ओळीत यातलं काहीच नसतं.

मग पाऊस. जूनमध्ये दादरला, परळला वसई-पालघरकडच्या बायका शेवळं ही रानभाजी घेऊन बसतात आणि शेवळांबरोबर काकडं ही आंबट फळंही विकतात, कारण शेवळं खाजरी असतात आणि काकडांशिवाय घशाला खाज सुटते. पुढे टाकळा, फोडशी, कंटोळी. श्रावणात जिवती. नारळी पौर्णिमेला नारळीभात. गणपतीत ऋषीची भाजी. मार्गशीर्षातले गुरुवार, संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीची भाजी. यातलं तुमच्या घरात जे होत होतं तेवढंच घ्या. सण आला नाही म्हणून पान भरायला दुसरीकडची माहिती आणू नका. खानावळीच्या बाईला दिवाळीत फराळ करायला सवड मिळायची का, हा प्रश्न छापील करंजीच्या चित्रापेक्षा मोलाचा आहे.

कालनिर्णयची पानं इथे फार कामाला येतात. हे कॅलेंडर १९७३ पासून निघतं आणि घरोघरी स्वयंपाकघरातच टांगलेलं असतं. पान फाडून ठेवलं जातं ते बहुधा मागच्या पाककृतीसाठी, पण तुम्ही ते उलटून पुढची बाजू वाचा. माझ्या आईच्या एका मे महिन्याच्या पानावर शिसपेन्सिलीने तारखेच्या चौकटींत एवढंच आहे: ‘दूध नाही’, ‘गॅस लावला’, ‘मसाला ४ किलो’, ‘पाणी उशिरा’, आणि अखेरच्या आठवड्यात ‘कैऱ्या ५०, मीठ लावलं’. मागे छापील सरबताची कृती आहे आणि तिच्या कडेला आईने साखर कापून निम्मी केली आहे. गॅस कधी लावला आणि कधी संपला या दोन चौकटींमधले दिवस मोजले की त्या महिन्यात घरात पाहुणे होते का, हेही कळतं. अशा पानाच्या दोन्ही बाजूंची प्रत काढा आणि वहीत समोरासमोर लावा. नुसती मागची बाजू लावलीत तर घर गेलं आणि पाककृती उरली.

जिवतीचे कागद नाजूक असतात. नृसिंह, कालियामर्दन, जरा-जिवंतिका आणि बुध-बृहस्पती यांची ती चित्रं पातळ कागदावर छापलेली असतात आणि रंग ओला हात लागला तरी फुटतो. त्यावर लागलेलं हळदकुंकू झटकू नका. हातकागदाची घडी करून एकेक कागद तिच्यात सपाट ठेवा, बाहेर वर्ष लिहा. वर्ष आठवत नसेल तर ‘सासूबाईंच्या मते धाकट्याच्या जन्माआधी’ असं लिहा. तेही चालतं.

पानं, फुलं वाळवून लावायची हौस असेल तर हळदीचं पान छान वाळतं. नागपंचमीला पातोळ्या करताना एक बाजूला काढा. दोन टिपकागदांत ठेवून वर वजन द्या आणि पावसाळ्यात कागद रोज बदला, नाहीतर तिसऱ्या दिवशी बुरशी. शेवळं मांसल असतात, ती वाळत नाहीत, कुजतात. त्यांचं चित्र काढा. झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियमसारख्या संग्रहात प्रत्येक वनस्पतीखाली नाव, ठिकाण, तारीख आणि गोळा करणाऱ्याचं नाव असतं. आपणही तेवढं लिहावं: काय, कुठून, कधी, कुणाकडून. मिरची, धने, तांदूळ मात्र कधीही चिकटवू नका. त्यांच्यामागोमाग वहीत किडे येतात.

यापुढचं काम सासूबाईंबरोबर बसून करायचं आहे, आणि ते त्यांच्याशिवाय होणार नाही. त्यांना ‘कृती सांगा’ म्हणू नका. सांगताना बायका सगळं सोपं करून सांगतात. त्या करत असताना शेजारी बसा आणि जवळ एक डिजिटल वजनकाटा ठेवा. त्यांच्या हातातलं काही काढून मोजायचं नाही. मिठाचा डबा आधी काट्यावर ठेवून वजन लिहा, त्यांना हवं तेवढं मीठ घेऊ द्या, मग डबा पुन्हा ठेवा. फरक म्हणजे त्यांचं ‘अंदाजाने’. तिखट, तेल, गूळ, सगळ्याला हीच युक्ती. त्यांची रोजची वाटी रिकामी ठेवून काटा शून्यावर आणा आणि ती पाण्याने काठोकाठ भरा. जितके ग्रॅम पाणी, तितके मिलिलिटर वाटी. हा आकडा वहीच्या पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहा. ती वाटी उद्या कुणाकडे जाईल सांगता येत नाही, आणि चोपडीतली ‘२ वाट्या’ तिच्याशिवाय मुकी आहेत.

शब्द मात्र त्यांचेच ठेवा. ‘तेल सुटेपर्यंत’, ‘हाताला चटका बसेल इतपत’, ‘खमंग वास सुटला की’, यांच्या जागी मिनिटं लिहू नका. मिनिटं हवी तर कडेला वेगळ्या शाईने लिहा. बोलणं मोबाइलवर रेकॉर्ड करा, पण वहीत ते उतरवून काढा. फोन बदलतात.

भांडी घासून पालथी घालाल तेव्हा त्यांवरची नावं पाहा. पूर्वी भांडं देताना त्यावर नाव आणि तारीख टोचून घालायची पद्धत होती. पातळ कागद नावावर घट्ट धरा आणि मऊ शिसपेन्सिल, ४बी वगैरे, आडवी धरून हलक्या हाताने घासा. ठिपक्यांची अक्षरं पांढरी उमटतात. कुणाच्या लग्नात, कुणाकडून, केव्हा, हे तुमच्यासमोर सासूबाई धडाधड सांगतील. जेवणाचे डबे पाठवत असतील तर झाकणावर डबेवाल्यांच्या खुणा रंगवलेल्या असतील. त्यांचाही फोटो घ्या. रेशनकार्ड आणि दुधाच्या कार्डाची प्रत वहीत लावा, फक्त ती पानं कुणाला मोबाइलवर पाठवताना नंबर झाका.

घर रिकामं करायच्या आधी स्वयंपाकघराचा नकाशा काढा. फुटाला अर्धा इंच धरलात तर दहा बाय बाराची खोली पाच बाय सहा इंचांत बसते. ओटा, मोरी, पिंप, फडताळ, पाटा-वरवंटा, जेवणाऱ्यांची पंगत कुठल्या भिंतीपासून कुठपर्यंत बसायची, सगळं दाखवा. फोटो काढताना आवरून काढू नका. सकाळी पाणी आल्यावर, रात्री भांडी घासून झाल्यावर, असे वेगवेगळ्या वेळचे घ्या. भिंतीवर पेन्सिलीने लिहिलेले हिशोब, दुधाच्या रेघा असतील तर त्यांचे जवळून. रंगाखाली गेलं की गेलं, आणि इथे तर भिंतच जाणार आहे.

साठवण: पावसाळ्यात मुंबईच्या हवेत आर्द्रता बहुतेक वेळा ८० टक्क्यांच्या वर असते, त्यामुळे बाहेरच्या भिंतीला लागून, ओट्याखाली किंवा माळ्यावर काही ठेवू नका. मूळ कागद सपाट, धुतलेल्या सुती कापडात बांधून, आतल्या भिंतीच्या कपाटात मधल्या फळीवर. सोबत सिलिका जेलच्या पुड्या. निळ्या गुलाबी झाल्या किंवा केशरी हिरव्या झाल्या की बदला. डांबराच्या गोळ्या नकोत, त्यांचा वायू फोटोला आणि प्लॅस्टिकला बाधतो. वेखंडाच्या कांड्या कापडाच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवायची जुनी रीत मी अजून पाळते. पुरचुंडी कागदाला टेकू द्यायची नाही. कसर दिसलीच तर फोटो वेगळे काढा, बाकीचा गठ्ठा दोन प्लॅस्टिक पिशव्यांत हवा काढून बांधा आणि उणे १८ अंशांच्या फ्रीझरमध्ये दोन आठवडे ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवीचा गारवा पूर्ण जाईपर्यंत ती उघडू नका, नाहीतर आत पाणी धरतं. बुरशी आलेला कागद मात्र लगेच इतरांपासून वेगळा ठेवा, तोंडाला मास्क लावून गॅलरीत मऊ ब्रशने झटका. ऑक्टोबरच्या कोरड्या दिवसांत सगळं एकदा उघडून पाहायचं.

तुम्ही लिहिलंय की नणंदा दोन आहेत. मूळ चोपडी एकीकडेच राहील, यावर घरात आधीच बोलून घ्या आणि प्रतींच्या वह्या तिघींना द्या. आणि एक शेवटचं: चोपडीची शिवण सुटली असेल आणि बाइंडरकडे द्यायचीच असेल, तर देताना सांगा की कडा कापायच्या नाहीत. बाइंडर सवयीने तीन बाजू मशीनवर साफ करतात, आणि खानावळीच्या हिशोबातले अर्धे खाडे त्या कडेलाच लिहिलेले असतात.